ट्रकच्या गेममध्ये नवीन गाडी (मॉड) कशी बसवावी? एक पाठ मुलांसाठी, एक आपल्यासाठी



शीर्षक वाचून काही जणांच्या कपाळावर आठी पडली असेल. "मॅडम, आधीच पोरं मोबाईल सोडत नाहीत, त्यात तुम्ही गेम शिकवायला निघालात?" मलाही दोन वर्षांपूर्वी असंच वाटलं असतं. पण मागच्या हंगामात जे घडलं त्यामुळे मला हा विषय शिकावा लागला, आणि शिकल्यावर लक्षात आलं की यात फाईल, फोल्डर, सूचनावाचन, गणित, रस्तासुरक्षा आणि सायबर सुरक्षा असे पाच-सहा पाठ एकत्र दडलेले आहेत. म्हणून हा लेख. जरा मोठा आहे, पण चहा घेऊन निवांत वाचा.

विषय कसा सुरू झाला?

माझी शाळा माजलगाव तालुक्यातली. आपल्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की वर्ग कसे रिकामे होतात हे वेगळं सांगायला नको. कोयता घेऊन आईवडील पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. काही लेकरं सोबत जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजी-आजोबांजवळ राहतात.

सहावीतला एक मुलगा असाच आजीजवळ राहिलेला. त्याचे वडील उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर. घरी एकच मोबाईल, तो वडिलांनी मुद्दाम मागे ठेवलेला. रोज रात्री वडिलांचा फोन यायचा तेवढाच काय तो बाप-लेकाचा संबंध.

या पोराने मोबाईलवर ट्रकचा गेम घेतला. त्याला गेममध्ये पप्पाच्या ट्रकसारखा ट्रक हवा होता. शोधता शोधता एका व्हिडिओखालची लिंक दाबली, कुठलं तरी ॲप उतरवलं, ते जे जे विचारेल त्याला "अलाऊ" करत गेला. मॉड तर बसलं नाहीच, पण मोबाईलवर सारख्या जाहिराती यायला लागल्या, मधेच बंद पडायला लागला. शेवटी दुकानदाराने सगळं पुसून नव्याने चालू करून दिला. त्यात फोटो गेले, नंबर गेले. आठ दिवस वडिलांशी बोलणं झालं नाही. वडील तिकडे काळजीत, आजी इकडे रडकुंडीला, आणि पोरगं भीतीने शाळेत गप्प.

मी त्याला रागावणारच होते. तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, मला फक्त पप्पाचा ट्रक पाहिजे व्हता."

मग मी रागावले नाही. मनात आलं, याने चूक केली ती न शिकवल्यामुळे केली. फाईल म्हणजे काय, कुठली उघडावी, कुठली उघडू नये, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. डी.एड.ला मला कोणी शिकवलं नाही आणि एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र घेतलं तेव्हाही इतकं खोल कोणी सांगितलं नाही. ठरवलं, आपण आधी शिकू, मग शिकवू.

मॉड म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत "मॉडिफिकेशन" म्हणजे बदल. त्याचं छोटं रूप मॉड. मूळ गेम कंपनीने बनवलेला असतो. त्यात नंतर कोणीतरी हौशी माणसाने बनवलेली गाडी, रंग, हॉर्नचा आवाज किंवा रस्ता घालता येतो. त्या वाढीव फाईलीला मॉड म्हणतात.

मुलांना मी आपल्या लालपरीचं उदाहरण दिलं. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी एसटीची पहिली बस धावली. एसटीच्या बसचा सांगाडा, म्हणजे इंजिन-चाकांसह चेसिस, वाहन कंपनीकडून यायचा आणि त्यावरची बॉडी एसटीच्या स्वतःच्या कार्यशाळेत चढायची. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळा त्यासाठी ओळखल्या जातात. म्हणजे चेसिस एकाचं, बॉडी दुसऱ्याची. ट्रकचंही तसंच. चेसिस येतं, मग बॉडीवाला पाळणा बांधतो, पेंटर नक्षी काढतो, मागे नाव लिहितो. गेममध्ये मूळ गेम म्हणजे चेसिस आणि मॉड म्हणजे बॉडी. चेसिसला बॉडी मापाची नसेल तर बसेल का? नाही. मॉडचंही अगदी तसंच आहे. हे उदाहरण दिल्यावर वर्गाला पुढचं सगळं पटापट समजलं.

मॉडचे साधारण प्रकार असे:

१. रंगाचे मॉड (स्किन): गाडी तीच, फक्त रंग आणि नक्षी बदलते.
२. सुट्या भागांचे मॉड: दिवे, आरसे, बंपर, हॉर्न.
३. पूर्ण वाहनाचे मॉड: नवीनच ट्रक, बस किंवा ट्रेलर.
४. आवाजाचे आणि नकाशाचे मॉड.

कोणता गेम?

आमच्या भागातल्या पोरांच्या तोंडी दोन नावं असतात. पहिला "बस सिम्युलेटर इंडोनेशिया". इंडोनेशियातल्या मालेओ कंपनीचा, मोबाईलवरचा. यात लोकांनी आपल्या एसटीच्या रंगाच्या बसगाड्यासुद्धा बनवून घातल्यात. दुसरा "युरो ट्रक सिम्युलेटर २". चेक प्रजासत्ताकातल्या प्राग शहरातील एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीने तो २०१२ साली आणला. हा संगणकावर चालतो. माल उचलायचा, युरोपातल्या शहरांमधून वेळेत पोचवायचा, भाडं मिळवायचं, त्यातून स्वतःचा ट्रक घ्यायचा, असा हा खेळ. यात मारामारी नाही. सिग्नल तोडला तर दंड, वेग वाढवला तर दंड, माल आपटला तर भाड्यात कपात, झोप आली तरी गाडी हाणली तर डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून मी माझ्या लॅपटॉपवर हाच घेतला आणि पुढची पद्धत याच गेमची सांगते.

एक बारीक गोष्ट. युरोपात बहुतेक ठिकाणी गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आपल्याकडे डाव्या. मुलांना चुकीची सवय लागू नये म्हणून सुरुवातीला मुख्य गाव निवडताना ब्रिटनमधलं शहर निवडा. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात.

बसवण्याआधीची तयारी

स्वयंपाकाला लागण्याआधी आपण जसं सामान काढून ठेवतो, तसं हे.

१. गेमची आवृत्ती बघा. गेम सुरू झाल्यावर पडद्यावर आवृत्तीचा आकडा दिसतो. तो वहीत लिहा. मॉड ज्या आवृत्तीसाठी बनवलं आहे ती आणि आपली आवृत्ती जुळायला हवी. जुन्या आवृत्तीचं मॉड नव्या गेममध्ये चालेलच असं नाही.

२. फाईलींची शेपटी दिसू द्या. प्रत्येक फाईलीच्या नावाला शेवटी एक टिंब आणि काही अक्षरं असतात. त्याला एक्सटेन्शन म्हणतात, आम्ही वर्गात "शेपटी" म्हणतो. विंडोज ही शेपटी लपवून ठेवते. फाईल एक्सप्लोररमध्ये "व्ह्यू" मध्ये जाऊन "फाईल नेम एक्सटेन्शन्स" या पर्यायावर खूण करा. हे फार महत्त्वाचं. शेपटी लपलेली असेल तर फोटोचं नाव घेऊन आलेला प्रोग्रॅम आपल्याला फोटोच वाटतो.

३. जुन्या खेळाची प्रत ठेवा. "डॉक्युमेंट्स" मध्ये गेमच्या नावाचा फोल्डर असतो. तो संपूर्ण कॉपी करून पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या जागी ठेवा. प्रोफाईल स्टीम क्लाऊडवर ठेवलेलं नसेल तर आपली सगळी कमाई याच फोल्डरमध्ये असते.

तिसऱ्या मुद्द्यावर मी एवढा जोर का देते? कारण मी ते केलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी मॉडची झिप उघडली, त्यातले सगळे फोल्डर गेमच्या मूळ फोल्डरमध्ये ओतले आणि "रिप्लेस" विचारलं तेव्हा "यस" म्हटलं. गेम उघडेना. पुन्हा बसवला तेव्हा कुठे चालू झाला. त्या पोराने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, ती फाईल तशीच ठिवायची असती. सगळी सांडायची नसती." त्या दिवशी माझा गुरू तोच होता.

मॉड बसवण्याची पद्धत

पद्धत १ : स्टीम वर्कशॉपवरून (सगळ्यात सोपी आणि सुरक्षित)

गेम स्टीमवरून विकत घेतलेला असेल तर वर्कशॉप नावाच्या विभागात मॉड मिळतात. हवं ते मॉड उघडा, त्याखालची माहिती वाचा, "सबस्क्राइब" दाबा. फाईल आपोआप उतरते, कुठे ठेवायची याची चिंता नाही. मुलांसाठी मी हीच पद्धत सुचवेन.

पद्धत २ : स्वतः फाईल ठेवून

१. खात्रीच्या ठिकाणाहून मॉडची फाईल उतरवा. ती "डाऊनलोड्स" मध्ये येते.

२. शेपटी बघा. "एससीएस" असेल तर ती थेट मॉड आहे. "झिप" असेल तर आत डोकावून बघा. आत "मॅनिफेस्ट" नावाची फाईल आणि "डेफ", "व्हेईकल" असे फोल्डर लगेच दिसले तर ती झिप हेच मॉड आहे, ती सोडवू नका, तशीच ठेवा. आत एससीएस फाईल आणि सोबत सूचनांची फाईल असेल तर मात्र झिप सोडवून एससीएस फाईल बाहेर काढा. "रार" असेल तर ती सोडवावीच लागते, गेमला ती वाचता येत नाही.

३. "डॉक्युमेंट्स" मध्ये गेमच्या फोल्डरात "मॉड" नावाचा फोल्डर असतो (इंग्रजी लहान अक्षरांत एम-ओ-डी). नसला तर तयार करा. फाईल त्यात ठेवा. काही लॅपटॉपवर डॉक्युमेंट्स दोन असतात, एक साधं आणि एक वनड्राइव्हचं. गेमने स्वतःचा फोल्डर ज्यात केला आहे तेच खरं.

४. गेम सुरू करा. प्रोफाईल निवडायच्या पडद्यावरच "मॉड मॅनेजर" असं बटण आहे. ते दाबा.

५. डावीकडे उपलब्ध मॉड दिसतात, उजवीकडे चालू केलेले. हव्या त्या मॉडवर दोनदा क्लिक केलं की ते उजवीकडे जातं. आवृत्ती जुळत नसेल तर गेम तशी खूण दाखवतो, ती दुर्लक्षू नका.

६. "कन्फर्म चेंजेस" दाबा आणि खेळ सुरू करा. नवीन ट्रक डीलरकडे जाऊन बघा. रंगाचं मॉड असेल तर गॅरेजमध्ये रंगांच्या यादीत सापडेल.

मॉडची एकावेळी एकच फाईल बसवा. चालली की दुसरी. एकदम दहा टाकल्या आणि गेम बंद पडला तर दोष कोणाचा हे शोधायला रात्र जाईल.

क्रम का महत्त्वाचा?

दोन मॉड एकाच गोष्टीत बदल करत असतील तर यादीत जे वर असतं त्याचं चालतं. हे मुलांना समजावायला संगणक लागत नाही. मी एका कागदावर ट्रक काढला. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा एक तुकडा ठेवून केबिन लाल केली. दुसऱ्या तुकड्यावर तीच केबिन पिवळी केली आणि मागचं फाळकं निळं केलं. तुकड्यांचा क्रम बदलला की केबिनचा रंग बदलतो, पण फाळकं निळंच राहतं. "वरचा खालच्याला झाकतो, पण जिथं झाकत नाही तिथं खालचा दिसतो." हे वाक्य मुलांनीच तयार केलं.

चाललं नाही तर?

- मॉड मॅनेजरमध्ये दिसतच नाही: फाईल चुकीच्या फोल्डरात आहे, किंवा झिपच्या आत अजून एक झिप आहे.
- दिसतं, पण ट्रक मिळत नाही: मॉडसोबतची सूचना वाचा. काही ट्रक ठराविक कंपनीच्या डीलरकडेच येतात.
- ट्रकवर रंग नाही किंवा भाग गायब: आवृत्ती जुळत नाही किंवा सोबतची दुसरी फाईल राहिली आहे.
- गेम मधेच बंद पडतो: शेवटचं मॉड काढा. गेमच्या फोल्डरात लॉग नावाची मजकुराची फाईल असते. नोटपॅडमध्ये उघडून "एरर" शब्द शोधा. बहुतेक वेळा कोणत्या फाईलीमुळे अडलं ते तिथे लिहिलेलं असतं.
- मॉड काढायचं आहे: आधी गेममध्ये त्या ट्रकमधून उतरा, तो विका, खेळ सेव्ह करा, मग मॉड बंद करा.

शेवटचा आणि चौथा मुद्दा मला शिक्षक म्हणून फार आवडतो. अडलं की रडायचं नाही, कोणाला शिव्या द्यायच्या नाहीत. एकेक गोष्ट बाजूला काढून बघायची. विज्ञानाच्या पुस्तकात आपण जी "पद्धत" शिकवतो ती हीच की.

फसवणूक कशी ओळखावी? (हा भाग पालकांनी नक्की वाचावा)

त्या मुलाच्या मोबाईलचं जे झालं ते कोणाच्याही घरी होऊ शकतं. वर्गाच्या भिंतीवर आम्ही सात नियम लावले आहेत:

१. मॉड ही गेमने वाचायची फाईल असते. ती बसवायला वेगळा प्रोग्रॅम लागत नाही. शेपटी "इएक्सइ" किंवा मोबाईलवर "एपीके" असेल तर हात लावायचा नाही.
२. एका पानावर चार "डाऊनलोड" बटणं असतील तर त्यातली बहुतेक जाहिराती असतात. घाई करायची नाही.
३. झिपला पासवर्ड आहे आणि "अँटिव्हायरस बंद करा" असं लिहिलंय? तिथूनच मागे फिरायचं.
४. गाडीच्या मॉडला आपले मेसेज, संपर्क किंवा "ॲक्सेसिबिलिटी" परवानगी कशाला हवी? कोणी मागितली तर "नाही".
५. ओटीपी कोणालाच सांगायचा नाही. फुकट ट्रकसाठी तर नाहीच नाही.
६. फुकटचा चोरीचा गेम घ्यायचा नाही. त्यात काय मिसळलंय हे कळत नाही, आणि बनवणाऱ्याच्या मेहनतीची ती चोरीच आहे.
७. चूक झाली तर लगेच मोठ्यांना सांगायचं. सांगितल्यावर मार मिळणार नाही.

सातवा नियम खरं तर आपल्यासाठी आहे, पालकहो. त्या मुलाने पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर मोबाईल लगेच दाखवता आला असता. मार बसेल म्हणून त्याने चार दिवस लपवलं. पैसे गेले असतील किंवा जाण्याची भीती असेल तर वेळ न घालवता राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक १९३० वर फोन करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे थांबण्याची शक्यता जास्त.

वर्गात याचा उपयोग कसा केला?

भाषा: हा मुलगा पुस्तकातला उतारा अडखळत वाचायचा. पण मॉडसोबतच्या सूचना मात्र बोट ठेवून, एकेक शब्द विचारत वाचायचा. कारण एक पायरी चुकली तर ट्रक येत नाही, हे त्याला माहीत होतं. मग मी त्याला म्हटलं, "ही कृती मराठीत लिही, पाचवीच्या मुलांना समजेल अशी." त्याने नऊ पायऱ्या लिहिल्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, पण क्रम अचूक. सूचनालेखन यापेक्षा वेगळं ते काय असतं?

इंग्रजी: ॲक्टिव्ह, कन्फर्म, मिसिंग, रिप्लेस, कार्गो, डिलिव्हरी, डॅमेज. असे वीस शब्द फळ्यावर न लिहिता पाठ झाले.

गणित: ६४० किमीचं भाडं १९,२०० रुपये तर दर किमीला किती? माल आपटल्यामुळे ५ टक्के कपात झाली तर हातात किती? गेमचा नकाशा खऱ्यापेक्षा सुमारे १९ पट लहान आहे, तर खऱ्या ३८० किमीसाठी गेममध्ये किती रस्ता?

भूगोल: गेममध्ये युरोपचे रस्ते बघितल्यावर आपले रस्ते नकाशात शोधले. कल्याण-अहिल्यानगरकडून येऊन माजलगाववरून पाथरी, परभणी, नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१, आणि खामगाव-पंढरपूर रस्ता. दोन्ही आपल्या गावावरून जातात, हे कळल्यावर मुलांना केवढा आनंद! "म्हणजे आपण मधोमध हाय का मॅडम?"

संगणक नसलेल्या शाळेसाठी: तीन पिशव्या घ्या. त्यांवर "डाऊनलोड्स", "डॉक्युमेंट्स", "मॉड" लिहा. तिसरी दुसरीत ठेवा. चिठ्ठ्यांवर फाईलींची नावं शेपटीसह लिहा. मुलांनी योग्य चिठ्ठी योग्य पिशवीत टाकायची, आणि धोक्याची चिठ्ठी बाजूला काढायची. खर्च शून्य.

गेममधला बदल आणि खऱ्या गाडीतला बदल

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. गेममध्ये वाट्टेल तो बदल करता येतो, रस्त्यावर नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. आणि १८ वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. मालवाहू गाडीसाठी तर किमान वय २० आहे.

आपल्याकडे हंगामात बारा-तेरा वर्षांची पोरं ट्रॅक्टरच्या सीटवर दिसतात, आणि आपण कौतुकाने बघतो. मी वर्गात विचारलं, "गेममध्ये गाडी आपटली तर काय होतं?" "दंड पडतो." "आणि खऱ्या रस्त्यावर?" वर्ग शांत झाला. कारण उत्तर जवळजवळ प्रत्येकाच्या घरात होतं.

मग आम्ही एक कृती केली. उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चित्रात काढला आणि प्रत्येकाने त्यावर "चांगले मॉड" सुचवले: मागे रिफ्लेक्टरची पट्टी, चालू टेललाईट, बाहेर न आलेला ऊस, मोठ्या आवाजाचा टेप नाही. आमच्या पोरांनी ती चित्रं घरी नेली. दोन पालकांनी ट्रॉलीला मागून रिफ्लेक्टर लावल्याचं मला मुलांनीच येऊन सांगितलं. गेममधून एवढं निघालं तरी मला पुरेसं आहे.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

व्यसन लागेल का? वेळ बांधला नाही तर लागेल. माझा नियम: आठवड्यातून दोन दिवस, अर्धा-अर्धा तास, मोठं माणूस शेजारी. गेमपेक्षा मॉड बसवण्यात आणि अडचण सोडवण्यात जास्त वेळ जाऊ द्या. तिथे डोकं चालतं.

याचा पुढे काय उपयोग? हे मॉड बनवणारे लोक ब्लेंडरसारखं मोफत सॉफ्टवेअर वापरून ट्रक उभा करतात. तीच कला चित्रपटात, यंत्रांच्या आराखड्यात लागते. आपलं लेकरू तिथवर जाईलच असं मी म्हणत नाही, पण वाट आहे हे त्याला माहीत असावं.

आम्हाला स्वतःलाच येत नाही, मग? मलाही येत नव्हतं. "मला दाखव बरं," एवढं म्हणा. लेकरू दाखवतं, आणि दाखवताना चूक काय करतंय हेही आपल्याला दिसतं.

शेवट

पाडव्याच्या आसपास पट्टा पडला, माणसं परत आली. एके दिवशी तो मुलगा वडिलांना घेऊन शाळेत आला. सहा वर्षांत ते पहिल्यांदा शाळेची पायरी चढले होते. दारातच थांबले, म्हणाले, "मॅडम, हा म्हणतोय माझा ट्रक तुमच्या कम्प्युटरात हाय."

लॅपटॉप टीव्हीला जोडला. अगदी त्यांचाच ट्रक नव्हता, पण केबिनचा रंग तोच आणि मागे त्याने स्वतः बनवलेल्या रंगाच्या फाईलीत आजीचं नाव लिहिलं होतं. वडील बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "उतारावर गिअर बदलू नको. ज्या गिअरमधी घाट चढलास त्याच गिअरमधी उतरायचं. नुसता ब्रेक दाबत बसलास तर ब्रेक तापतो, मग लागत नाही."

मी त्यांना म्हटलं, "भाऊ, हेच जरा सगळ्या वर्गाला सांगता का?" आधी लाजले. मग खडू घेतला, फळ्यावर धारूरचा घाट काढला आणि पाऊण तास बोलले. इंजिन ब्रेक, वळणावर हॉर्न, रात्रीचा डिपर, झोप आली तर गाडी कडेला. पोरं हलली नाहीत. माझ्या दहा-बारा वर्षांच्या नोकरीत मी घेतलेल्या रस्तासुरक्षेच्या कुठल्याच पाठाला एवढी शांतता नव्हती.

त्या मुलाने वडिलांच्या नव्या फोनमध्ये शाळेतला एक नियम सेट करून दिला: अनोळखी ठिकाणचं ॲप बसवण्याची परवानगी बंद. "पप्पा, हे चालू करू नका, मला विचारा आधी," असं वर बजावलंही.

स्वाध्याय (घरी आणि वर्गात करून बघा)

१. तुमच्या मोबाईलमधल्या पाच फाईलींच्या शेपट्या शोधा आणि त्या कशाच्या फाईली आहेत ते लिहा.
२. मॉड आणि बसची बॉडी यांतली दोन साम्यं आणि एक फरक सांगा.
३. नवीन फाईल बसवण्याआधी प्रत का ठेवावी? तुमच्या रोजच्या आयुष्यातलं एक उदाहरण द्या.
४. आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या ड्रायव्हरची मुलाखत घ्या. "घाटात गाडी कशी उतरवता?" हा प्रश्न नक्की विचारा.
५. उसाच्या ट्रॉलीसाठी सुरक्षेचे पाच बदल सुचवा.

करून बघा. अडलं तर वर्गातल्या एखाद्या मागच्या बाकावरच्या पोराला विचारा. त्याला बहुतेक माहीत असेल, फक्त आजवर कोणी विचारलं नसेल.